तारीख बदलून मिळेल हो, पण पैसे कोणाच्या खात्यात?

विमानाचा आणि आपल्या वस्तीचा संबंध काय, असा प्रश्न हा मजकूर वाचताना कोणाला पडला तर त्यात नवल नाही. आपला प्रवास लोकलचा, एस. टी.चा आणि फार झाले तर दीक्षाभूमीला जाणाऱ्या जादा गाडीचा. पण विमानतळावर प्रवाशांचे सामान चढवणारी पोरे आपल्याच वस्तीतली आहेत. विमानाच्या खुर्च्या पुसणाऱ्या बाया आपल्या आहेत. आखातात वेल्डिंगच्या कामाला गेलेले जावई आपले आहेत. आणि अलीकडे आपल्या महिला मंडळांच्या धम्मसहलीही विमानाने निघू लागल्या आहेत. तेव्हा साथीच्या काळात विमानाच्या तिकिटाचे काय झाले, प्रवाशाच्या जिवाची काळजी कोणी किती घेतली, हा विषय फक्त सूटबूटवाल्यांचा राहिलेला नाही.

विक्रोळीच्या आमच्या वसाहतीतील महिला मंडळाने २०१८ च्या वर्षावासात ठराव केला की २०२० ची बुद्ध पौर्णिमा बुद्धगयेला साजरी करायची. जाताना मुंबई ते पाटणा विमानाने, वाटेत वैशाली पाहायची, येताना रेल्वेने. विमानाचा हट्ट खजिनदार मावशींचा. त्या म्हणत, "जन्मभर विमानाचं पोटच बघितलं, एकदा खिडकीतून खाली बघू द्या." एकोणीस जणींची नावे आली. कोणी धुणीभांडी करणारी, कोणी पालिकेच्या शाळेत सेविका, दोघी भाजीच्या गाडीवर. महिना तीनशे रुपये, सोळा महिने. सप्टेंबर २०१८ पासून डिसेंबर २०१९ पर्यंत दर रविवारी वंदना झाली की मावशी वही उघडून बसत. जिला जमेल तिने तेव्हा सही किंवा अंगठा करून पैसे द्यायचे. प्रत्येकीचे चार हजार आठशे झाले. जानेवारी २०२० मध्ये स्टेशनजवळच्या एका प्रवासी एजंटकडे रोख एक्क्याण्णव हजार दोनशे रुपये भरले. माणशी चार हजार सहाशे पन्नास तिकिटाचे आणि दीडशे एजंटचे. पावतीवर एवढेच लिहिले होते, 'महिला मंडळ, टूर खर्च'. प्रवासाची तारीख होती ४ मे.

पुढे काय झाले ते वाचकांना माहीत आहे. मार्चमध्ये आधी परदेशी विमाने थांबली आणि २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमानेही बंद झाली. त्या वर्षी १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांना घरातूनच वंदन केले, उंबऱ्यात आणि खिडकीत दिवे लावून. ७ मेची बुद्ध पौर्णिमाही तशीच गेली. त्याच दिवशी परदेशात अडकलेल्यांना आणणारी सरकारची 'वंदे भारत' विमाने सुरू झाली. पहिली दोन अबुधाबी आणि दुबईहून केरळात उतरली. भाडे प्रवाशांनाच भरायचे होते. आमच्या मंडळातल्या बायांनी त्या संध्याकाळी आपापल्या खोलीत रतनसुत्त म्हटले. वैशालीत दुष्काळ आणि रोगराई पसरली तेव्हा भगवान बुद्ध गंगा ओलांडून तिथे गेले आणि हे सुत्त म्हटले गेले, अशी परंपरा आहे. आमच्या बायांना मात्र त्या वर्षी गंगेपर्यंतही जाता आले नाही.

टाळेबंदी थोडी सैल झाल्यावर मावशींनी आम्हाला बोलावले आणि वही पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, विमान उडालं नाही, मग आमचे पैसे का उडाले?" आम्ही पतपेढीत कारकून, जमा-नावेचे काम हातातले. म्हणून हे प्रकरण आमच्याकडे आले आणि त्यानिमित्त या विषयाचे सगळे कागद वाचावे लागले. जे समजले ते इथे मांडतो, कारण असे प्रसंग पुन्हा येणार नाहीत असे कोणी लिहून दिलेले नाही.

सरकारने १६ एप्रिल २०२० ला एक आदेश काढला. टाळेबंदीच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २५ मार्च ते १४ एप्रिल या दिवसांत ज्यांनी ३ मेपर्यंतच्या प्रवासाचे तिकीट काढले, त्यांना तीन आठवड्यांत पूर्ण पैसे परत. वाचकहो, नीट पाहा. घराबाहेर पडायला बंदी असताना ज्याने तिकीट काढले, त्याला पैसे. आणि सोळा महिने पैसे साठवून जानेवारीतच ज्यांनी तिकीट काढले, त्यांच्यासाठी त्या आदेशात काही नाही. विमान कंपन्यांनी अशांना रोख रकमेऐवजी 'क्रेडिट शेल' देऊ केले. म्हणजे तुमचे पैसे कंपनीकडेच राहतील आणि पुढच्या तिकिटाला वळते करता येतील. वाण्याच्या उधारीच्या वहीची ही उलटी बाजू झाली. इथे वाणी आपले देणे लागतो आणि ते कधी फेडायचे हेही तोच ठरवतो. विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम त्याआधीपासून असा होता की पैसे क्रेडिटमध्ये ठेवायचे की परत घ्यायचे ही निवड प्रवाशाची, कंपनीने ती परस्पर करायची नाही. साथ आली आणि नियम बाजूला पडला.

विमान कंपन्यांची बाजूही सांगितली पाहिजे. विमाने जमिनीवर उभी, तरी भाडे, पगार, कर्जाचे हप्ते चालूच. सगळ्यांचे पैसे एकदम परत केले तर कंपन्या बुडतील असे त्यांचे म्हणणे होते आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण भाजीच्या गाडीवरची बाई काय म्हणत होती? तिचीही गाडी उभी होती.

'प्रवासी लीगल सेल' या संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. निकाल १ ऑक्टोबर २०२० ला लागला. टाळेबंदीतच टाळेबंदीतल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे ताबडतोब परत. त्याआधी काढलेल्या आणि २४ मे २०२० पर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत परत करण्याचा प्रयत्न करावा आणि कंपनी अडचणीत असेल तर क्रेडिट शेल द्यावे. ते ३१ मार्च २०२१ पर्यंत कुठल्याही मार्गासाठी वापरता येईल, दुसऱ्याच्या नावे करता येईल. त्याची किंमत ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे दरमहा पाऊण टक्का वाढेल. वापरले नाही तर मुदत संपल्यावर पैसे परत.

आम्ही लगेच कागदावर हिशेब मांडला. मे-जूनचे मिळून एक टक्का, जुलै ते मार्च नऊ महिन्यांचे पावणेसात, एकूण पावणेआठ टक्के. चार हजार सहाशे पन्नासचे शेवटी सुमारे पाच हजार दहा. पाऊण टक्का महिना म्हणजे वर्षाला नऊ टक्के, हा दर वाईट नव्हे. मावशींना सांगितले तर त्या म्हणाल्या, "व्याज राहू दे भाऊ, मुद्दल कोणाकडं हाय ते सांग."

मावशींनी बोट ठेवले ते बरोबर जागेवर. त्याच निकालात आणखी एक कलम आहे. ज्यांनी एजंटमार्फत तिकीट काढले, त्यांना क्रेडिट शेल त्याच एजंटमार्फत वापरता येईल. आणि वापरले नाही तर भाडे ज्या खात्यातून कंपनीकडे आले होते, त्याच खात्यात परत जाईल. कायद्याच्या दृष्टीने यात चूक काही नाही. पैसा आला त्या वाटेने परत जावा, हे बँकेत कोणीही सांगेल. ज्याने स्वतःच्या कार्डावरून तिकीट काढले त्याचे पैसे त्याच्या कार्डावर आले. पण आपल्या बायांनी रोख पैसे एजंटच्या हातात ठेवले आणि एजंटने ते स्वतःच्या खात्यातून भरले. म्हणजे कागदोपत्री प्रवासी या एकोणीस जणी आणि पैशाचा धनी एजंट. एवढा विचार करून लिहिलेल्या आदेशात रोख पैसे मोजणारी बाई कुठेच दिसत नाही.

नोव्हेंबरमध्ये एजंट गावाहून परतला. म्हणाला, "तारीख बदलून देतो, बदलाचा आकार शून्य." त्या काळात सगळीकडे हीच जाहिरात होती, तारीख बदला, दंड नाही. पण दंड नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. नव्या तारखेचे भाडे जास्त असेल तर वरची रक्कम भरावी लागते. आमच्या बायांना माणशी एकोणीसशे रुपये वर मागितले. एकोणीसपैकी अकरा जणींची कामे तेव्हा सुटलेली होती. सोसायट्यांनी मोलकरणींना दरवाजे बंद केले होते. त्या कुठून देणार? सरकारने मे २०२० मध्ये भाड्याच्या वरच्या-खालच्या मर्यादा ठरवून दिल्या होत्या हे खरे. मुंबई-दिल्लीसाठी साडेतीन हजार ते दहा हजार अशी ती मर्यादा होती. खालच्या टोकाने कंपन्यांना आधार दिला, वरच्या टोकाने प्रवाशाला. मधले सहा-साडेसहा हजारांचे अंतर आपल्या खिशाला कसे झेपणार?

आता सुरक्षेकडे वळतो. पुष्कळांना वाटते की तिकिटाचे पैसे हा एक विषय आणि साथीपासून बचाव हा दुसरा. आमचे मत तसे नाही. १ मार्च २०२० ला लंडनहून एक विमान निघाले आणि दुसऱ्या दिवशी व्हिएतनाममध्ये हनोईला उतरले. आतमध्ये कर्मचाऱ्यांसह २१७ माणसे. त्यांतल्या एका प्रवाशाला चढतानाच खोकला होता, घसा धरलेला होता. नंतर तपास झाला तेव्हा बहुधा त्या एकापासून आणखी पंधरा जणांना लागण झाल्याचे आढळले. त्यांतले बारा जण पुढच्या महागड्या बिझनेस क्लासमधले. रुंद खुर्ची, भारी भाडे, काही कामाला आले नाही. तेव्हा मास्कची सक्ती नव्हती.

खोकला येत असताना माणूस विमानात का चढतो? कारणे अनेक असतील. पण आपल्यासारख्याचे कारण एकच असते, तिकीट वाया जाईल. ज्याचे चार-पाच हजार बुडणार आहेत, तो तापाची गोळी घेऊन, कपाळावर धरलेल्या यंत्राला चकवून रांगेत उभा राहतो. म्हणून आजारी माणसाला तारीख बदलून देणे, पैसे परत देणे ही कंपनीने ग्राहकावर केलेली मेहेरबानी नव्हे. ती शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाची सुरक्षा आहे, हवाई सुंदरीची आहे आणि उतरल्यावर ज्या चाळीत तो जाणार त्या चाळीचीही आहे.

२५ मे २०२० ला देशातली विमाने पुन्हा सुरू झाली. मुंबईत पहिल्या दिवशी पंचवीस उड्डाणे आणि पंचवीस उतरणे एवढीच परवानगी होती. वेब चेक-इन सक्तीचे, एकच मोठी बॅग, विमानात जेवण नाही. ज्याच्याकडे साधा बटणाचा फोन त्याने वेब चेक-इन कसे करायचे? आमच्या वसाहतीतल्या ग्रंथालयाच्या ओट्यावर त्या महिन्यांत पोरांनी किती जणांचे बोर्डिंग पास काढून दिले याची मोजदाद नाही.

तेव्हा मोठा वाद झाला तो मधल्या खुर्चीचा. महासंचालनालयाने मार्चमध्ये प्रवाशांत एक खुर्ची मोकळी ठेवायला सांगितले होते. परदेशातून आणलेल्या विमानांत ती भरलेली दिसली म्हणून एका वैमानिकानेच मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तज्ज्ञांची समिती बसली. जूनच्या आरंभी आदेश निघाला की शक्यतो मधली खुर्ची मोकळी ठेवा, नाही जमले तर त्या प्रवाशाला मास्क आणि तोंडावरची काच यांशिवाय अंगभर गाऊन द्या. १५ जूनला उच्च न्यायालयाने ही व्यवस्था मान्य केली. विमानातली हवा वरून खाली वाहते, काही मिनिटांत बदलते आणि बारीक गाळणीतून जाते, हा त्यातला शास्त्रीय मुद्दा बरोबर आहे. लोकलच्या डब्यापेक्षा तिथली हवा स्वच्छ म्हणावी लागेल. पण ही यंत्रणा विमान चालू असतानाची. रांगेत, बसमध्ये, उतरताना सगळे एकदम उठून उभे राहतात तेव्हा मास्क आणि अंतर याखेरीज दुसरा उपाय नसतो.

मधल्या प्रवाशाच्या गाऊनवर न्यायालयात चर्चा झाली, हे चांगलेच झाले. पण आमच्या वसाहतीतला एक तरुण विमानतळावर ठेकेदाराकडे सामान चढवायचे काम करतो. तो सांगत होता, "काका, गाऊनवाल्यांच्या बॅगा आम्हीच उचलायचो. आम्हाला पाळीला हातमोज्यांचा एक जोड. फाटला की घरचा रुमाल." तो रात्री घरी येई तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत आई, आजी, दोन बहिणी. त्याची कोणती खुर्ची मोकळी ठेवायची? प्रवाशांची सुरक्षा या शब्दांत हा पोरगा बसत नाही, कारण तो प्रवासी नाही. कामगार संघटनेने पत्र दिल्यावर जोडांची संख्या दोन झाली, इतकेच.

एक गोष्ट मात्र मनाला बरी वाटली, ती नोंदवतो. २८ मे २०२० ला मुंबईहून रांचीला एक खास विमान गेले. त्यात दीडशेहून अधिक स्थलांतरित मजूर आपल्या गावी झारखंडला गेले. पैसे उभे केले होते बंगळूरच्या राष्ट्रीय विधी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी. चालत निघालेल्या माणसांना पहिल्यांदा विमानात बसवणारी ही मदत चार शिकलेल्या माणसांनी ठरवले म्हणून झाली.

आमच्या बायांचे पुढे काय झाले ते राहिले. मार्च २०२१ ची मुदत आली आणि गेली. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत खजिनदार मावशी गेल्या. नऊ दिवस ऑक्सिजनवर होत्या. शेवटचे दर्शनही नीट झाले नाही. सूनबाईने ती वही आमच्याकडे आणून दिली.

त्या वहीनेच काम केले. एजंट म्हणत होता की यादी हरवली, कोणाचे किती ते कळत नाही. वहीत एकोणीस नावे, सोळा रकाने, सह्या, अंगठे आणि शेवटच्या पानावर मावशींनी मुलाकडून लिहून घेतलेली सहा अक्षरांची तिकीट-खूण. ती खूण घालून आम्ही विमान कंपनीला रजिस्टर पत्र धाडले. जुलैमध्ये उत्तर आले. अठ्ठ्याऐंशी हजार तीनशे पन्नास रुपये ७ एप्रिललाच एजंटच्या खात्यात परत केले होते. म्हणजे मावशी खाटेची वाट पाहत होत्या त्या आठवड्यात त्यांचे पैसे स्टेशनजवळच्या एका खात्यात पडून होते.

मग एजंटला वहीची छायाप्रत आणि कंपनीचे उत्तर जोडून नोटीस दिली. कंपनीलाही दिली. कारण महासंचालनालयाच्या नियमात स्पष्ट म्हटले आहे की एजंट हा कंपनीचा नेमलेला प्रतिनिधी, त्यामुळे परताव्याची जबाबदारी कंपनीची. जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार ठेवला. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षे असते, ती आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली होती. अर्ज दाखल करण्याची वेळ आली नाही. एजंटने चार हप्त्यांत चेक दिले, शेवटचा फेब्रुवारी २०२२ मध्ये वटला.

आपल्याच बायांच्या बाबतीत असे झाले असेही नाही. जून २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला एका मोठ्या प्रवास कंपनीला आदेश द्यावा लागला. टाळेबंदीतल्या तिकिटांचे २०२१ साली तिच्याकडे सव्वीस कोटींहून अधिक रुपये प्रवाशांना द्यायचे बाकी होते आणि तीन वर्षांनीही सुमारे अडीच कोटी तसेच होते. त्यात किती वह्या असतील कोण जाणे.

आता मंडळात नियम केला आहे. तिकीट कुठलेही असो, पैसे मंडळाच्या बँक खात्यातून जातात. पावतीवर प्रत्येकीचे नाव, तिकिटाचे भाडे वेगळे, एजंटचा आकार वेगळा. तिकिटाची छापील प्रत विहाराच्या कपाटात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फळ्यावर लिहिला आहे.

मावशींचे चार हजार सहाशे पन्नास सूनबाईच्या खात्यावर जमा केले. तिने त्यातून मुलाची शाळेची फी भरली. २०२३ च्या फेब्रुवारीत सोळा जणी रेल्वेने बुद्धगयेला जाऊन आल्या. त्यांच्यासोबत सूनबाईही होती. एजंटचे माणशी दीडशे, एकोणीस जणींचे दोन हजार आठशे पन्नास, परत आलेले नाहीत. प्रवासच झाला नाही तर आकार कसला, असे आम्ही त्याला दोनदा लिहिले, उत्तर नाही. मंडळाच्या ताळेबंदात ती रक्कम 'येणे' या सदराखाली आम्ही अजून दाखवतो.